कांदळवन कक्ष : खाजणातले वनखाते

कांदळवन कक्ष हा महाराष्ट्र वन विभागाचा खारफुटी सांभाळणारा स्वतंत्र कक्ष. जानेवारी 2012 मध्ये तो स्थापन झाला. फक्त खारफुटीसाठी वेगळी यंत्रणा उभारणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांत पसरलेली खारफुटी 2021 च्या वनस्थिती अहवालानुसार 324 चौरस किलोमीटर भरते. मेळघाट किंवा चंद्रपूरच्या रानापुढे हे क्षेत्र किरकोळ वाटेल. पण वनखात्याला आपली घडी बदलायला त्याने जितके भाग पाडले तितके क्वचितच कशाने पाडले असेल.

इंग्रजी अमदानीत उभे राहिलेले वनखाते इमारती लाकडाच्या हिशेबाने वाढले. सागवान मोजायचे, कूप पाडायचे, लिलाव करायचा. या हिशेबात तिवराला, म्हणजे खारफुटीच्या झाडाला, जागा नव्हती. बंगालमधले सुंदरबन एकोणिसाव्या शतकातच राखीव वन झाले. कोकणातले खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणारी दलदल, मात्र महसुली दप्तरात पडीक जमीन म्हणून राहिले. परिणामी झाड तुटले तर तक्रार घ्यायला वनरक्षक नाही, आणि ज्यांच्या दप्तरी जमीन होती त्यांना झाडाशी देणेघेणे नाही.

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाताना राई, मुर्धा, मोरवा ही जुनी गावे लागतात. हा सगळा पट्टा खाडी, मिठागरे आणि तिवरांचा. अशा पट्ट्यात काही खाजण जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यात, मिठागरांची बरीच जमीन केंद्राच्या मीठ आयुक्तांकडे आणि उरलेली खासगी सातबाऱ्यांवर असते. भरतीचे पाणी या हद्दी पाळत नाही. तिवर मारायला कुऱ्हाडही लागत नाही : नाल्याच्या तोंडावर बांध घातला किंवा डेब्रिज टाकले, की भरती-ओहोटीची ये-जा थांबते आणि चिखलाबाहेर डोके काढणारी श्वसनमुळे निकामी होऊन झाड उभ्याउभ्या वाळते. गुन्हा जमिनीवर होतो, झाड नंतर मरते. म्हणून जमीन कोणाच्या ताब्यात, हाच इथला मूळ प्रश्न.

किनारा नियमन क्षेत्राच्या 1991 च्या अधिसूचनेने खारफुटीला कागदी संरक्षण दिले होते. खरा रेटा न्यायालयातून आला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई केली, भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकाम रोखले, उपग्रह-नकाशे करायला लावले आणि सरकारी जमिनींवरची खारफुटी वनखात्याकडे सोपवण्यास सांगितले. मुंबईतल्या 26 जुलैच्या महापुराला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. आदेश निघाला, पण तो राबवणारे हात खात्यात नव्हते. डोंगरातल्या बीटवर फिरणाऱ्या वनरक्षकाला गुडघाभर चिखलातली गस्त कोण शिकवणार?

ती उणीव कक्षाने भरून काढायची होती. वनाधिकारी एन. वासुदेवन यांच्या नेतृत्वाखाली त्याची बांधणी झाली आणि मुंबई परिसरासाठी वेगळे पथक आले. पण सर्वांत चिवट काम दप्तरातले निघाले. महसूल खात्याकडून जमीन घ्यायची, तर आधी नकाशा आणि प्रत्यक्ष मोजणी जुळवावी लागते. मग भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 4 खाली इरादा जाहीर होतो, वन जमाबंदी अधिकारी हक्क-दावे ऐकतो आणि कलम 20 खाली राखीव वनाची अंतिम अधिसूचना निघते. हे प्रत्येक गटासाठी, प्रत्येक गावात. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि हस्तांतरणावर देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पहिल्या आदेशानंतर तेरा वर्षांनीही समिती लागावी, यावरून खात्यांमधल्या भिंतींची जाडी कळते.

पैशासाठी 2015 मध्ये कांदळवन प्रतिष्ठान काढण्यात आले. सरकारी अंदाजपत्रकाची वाट न पाहता संशोधन, लागवड आणि किनाऱ्यावरच्या कुटुंबांसाठी खेकडापालन, कालवपालन, पर्यटन यांना निधी देता यावा, ही त्यामागची सोय. त्याच वर्षी ठाणे खाडीतले 1,690 हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले. 2022 मध्ये ते रामसर यादीत गेले. लाकडाच्या खात्याला मासळी आणि पर्यटकांचा विचार करावा लागला, हा बदल लहान नाही.

मर्यादा मात्र ठळक आहेत. खासगी आणि केंद्राच्या जमिनींवरची खारफुटी कायद्याने सुरक्षित असली तरी तिचा ताबा कक्षाकडे आपोआप येत नाही. सार्वजनिक प्रकल्प असेल, तर उच्च न्यायालयाच्या परवानगीने तोड होऊ शकते; बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर 2022 मध्ये सुमारे 22 हजार झाडांबाबत ती मिळाली. बदली लागवड होते, पण रोप लावणे म्हणजे भरतीची वाट परत मिळवणे नव्हे. खाजणातून पाणी आत-बाहेर होत राहील इतकी मोकळी जमीन सलग, एकाच खात्याच्या ताब्यात येत नाही तोवर वनखात्याची ही पुनर्रचना अर्धीच म्हणावी लागेल.