बादलीमागे तीन रुपये : आपल्याकडच्या थंडीतली काटकसर, कुठे करायची आणि कुठे नाही

आज बरेच जण हा भाग बदलापूर किंवा अंबरनाथवरून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये ऐकत असतील, कानात हेडफोन आणि डोक्यावर हुडी घालून. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय.

विषय साधा आहे. थंडीच्या दोन-तीन महिन्यांत पैसे कसे वाचवायचे आणि तब्येत कशी सांभाळायची. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करणार आहे, कारण ती चूक एक्सेल शीटमध्ये झाली होती आणि शीट मी बनवली होती.

माझं गणित

आमचं घर उल्हासनगरला, कॅम्प ४ मध्ये. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. दोन वर्षांपूर्वी जुना इलेक्ट्रिक गिझर बिघडला. बाबांनी विचारलं, "काय रे, इंजिनिअर, कोणता घ्यायचा?" मी लॅपटॉप उघडला.

गणित असं. एका बादलीत २० लिटर पाणी. पहाटे टाकीतलं पाणी २० अंशांचं, आणि आंघोळीला हवं ४० अंशांचं. यासाठी लागणारी ऊर्जा साधारण १,६७५ किलोज्यूल, म्हणजे ०.४७ युनिट. थोडा तोटा धरून अर्धं युनिट वीज म्हणा. तेच पाणी गॅस गिझरवर तापवलं तर साधारण ४५ ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये तीनशेहून जास्त बादल्या! आमच्या वीजबिलाच्या स्लॅबने बादलीमागे जवळजवळ तीन रुपये वाचत होते. चार माणसं, महिन्याला १२० बादल्या, म्हणजे ३६० रुपये. थंडीचे तीन महिने धरले तर एक हजार ऐंशी.

मी बाबांना म्हटलं, "गॅस गिझर घ्या." आकडे बरोबर होते. आजही बरोबर आहेत. शीटमध्ये एक रकानाच नव्हता, एवढंच.

त्या सकाळी काय झालं

गिझर बाथरूमच्या आत लागला. बाथरूम लहान, वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी. जानेवारीत तिथून गार वारा यायचा, म्हणून आईने तिथे पुठ्ठा लावला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

एका रविवारी भाऊ आंघोळीला गेला. पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ झाला तेव्हा आईने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक. पाणी चालूच. बाबा आणि मी मिळून कडी तोडली. तो भिंतीला टेकून खाली बसला होता, मान एका बाजूला.

आम्ही त्याला उचलून पलंगावर ठेवणार, तेवढ्यात शेजारच्या सिंधी आंटी दारात आल्या आणि ओरडल्या, "अंदर नही, बाहर! गॅलरीमें लो, हवामें लो!" त्यांच्या नात्यात कधीतरी असंच झालं होतं. गॅलरीत मोकळ्या हवेत आणल्यावर तीन-चार मिनिटांनी त्याने डोळे उघडले. त्याचे पहिले शब्द, "दादा, डोकं फुटतंय."

मी कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला लावला. ९८! मला वाटलं, चला, काही नाही, चक्कर आली असेल. बाबा मात्र म्हणाले, "मशीन राहू दे, दवाखान्यात चल." तिथे त्याला काही तास मास्क लावून ऑक्सिजन दिला. संध्याकाळी घरी आला. आज ठणठणीत आहे, हा भाग एडिट तोच करतोय. पण बाबांनी माझं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

हे होतं कसं?

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. भरपूर हवा असेल तर ज्योत निळी असते आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. लहान, बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गिझर पाणी वाहतंय तोवर जळतच राहतो. म्हणजे माणूस बेशुद्ध पडला तरी नळ चालू, ज्योत चालू, विष चालू.

आपला गोंधळ नाकामुळे होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, त्यामुळे गळती कळते. आपल्याला वाटतं, वास नाही म्हणजे धोका नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग रक्त फिरतं, पण ऑक्सिजन नेत नाही.

आणि ऑक्सिमीटर? तो बोटातून प्रकाश टाकून रक्ताचा रंग बघतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला तसंच लालभडक दिसतं. म्हणून ९८ आकडा दाखवतो. घरात तो ठेवा, पण या बाबतीत त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच. बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि पाइपने गरम पाणी आत आणा.
- आधीच आत असेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडं ठेवून हवा जाऊ द्या आणि मग आंघोळीला जा. खिडकीला पुठ्ठा, प्लास्टिक काही लावू नका. हा तात्पुरता उपाय आहे, गिझर बाहेर काढेपर्यंतचा.
- ज्योत पिवळी-केशरी दिसली तर वापर थांबवा, मेकॅनिकला बोलवा.
- आंघोळ करताना डोकं दुखलं, मळमळलं, पाय जड झाले तर साबण अंगावर असला तरी बाहेर या.
- कुणी पडलं तर आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्या, आणि गॅस गिझर होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं, हाही तोच प्रकार आहे.

मग पैसे कुठून वाचले?

आता गंमत ऐका. गॅस गिझर काढल्यावर आम्ही साधा इलेक्ट्रिक बसवला. वाटलं, बिल वाढणार. मी पुन्हा शीट उघडली, आणि या वेळी पंख्यांचाही रकाना घातला.

चार बादल्या, रोज दोन युनिट, महिन्याला ६० युनिट. आता पंखे: जुना पंखा साधारण ७५ वॉटचा. तीन पंखे रात्री आठ तास चालले तर महिन्याला ५४ युनिट. थंडीत पंखे बंद! म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात जी वीज पंख्यांना जात होती, जवळजवळ तीच जानेवारीत पाण्याला गेली. ज्या एक हजार ऐंशी रुपयांसाठी मी जोखीम घेतली होती, ते पंख्यांनी गपचूप भरून दिले असते.

बाकी बचत सवयीची. शॉवरखाली दहा मिनिटं म्हणजे ६०-८० लिटर पाणी, बादलीत २०. पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा गिझर २० ते ६० अंशांपर्यंत तापायला वीसेक मिनिटं पुरतात. तासभर चालू ठेवायची गरज नाही. एकामागोमाग एक आंघोळी उरका, म्हणजे तापलेलं पाणी पुन्हा गार होत नाही. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट होतो, म्हणून वाचवलेलं प्रत्येक युनिट त्या महागड्या टोकाचं असतं. आणि रॉड वापरत असाल तर पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून प्लगही काढा. घरात अर्थिंग आहे का, ते एकदा इलेक्ट्रिशियनला तपासायला सांगा.

आपल्याकडेच एवढी थंडी का?

दादरचे मित्र हसतात, "बदलापूरला काय बर्फ पडतो का?" बर्फ नाही, पण काही पहाटे पारा १२-१३ अंशांवर येतो हे खरं. समुद्र रात्रीही लवकर गार होत नाही, त्यामुळे कुलाब्याची रात्र उबदार राहते. आपण समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने उष्णता सोडते आणि गार, जड हवा डोंगरउतारावरून सखल भागात येऊन बसते.

तीच गार हवा धूरही दाबून धरते. वर उबदार हवेचं झाकण, खाली धूर. म्हणून संध्याकाळी कचरा जाळला की वास सकाळपर्यंत रेंगाळतो. शेकोटीत प्लास्टिक, टायर टाकू नका. पळायला जाणाऱ्यांनो, पहाटे साडेपाचचा हट्ट सोडा. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. ऊन पडल्यावर तासाभराने हवा हलायला लागते, तेव्हा जा. फुकटचं ऊनही मिळतं.

थर्मामीटर विकत घ्यायची गरज नाही. खोबरेल तेलाची बाटली बघा. तेल गोठलं म्हणजे खोली साधारण २४ अंशांच्या खाली गेली.

कपडे आणि गोधडी

बदलापूरला चढताना कुडकुडायचं आणि ठाणे ओलांडेपर्यंत गर्दीत घामाघूम व्हायचं, हा आपला रोजचा प्रवास. म्हणून एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. ऊब कपड्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेची असते. आजीची गोधडी याच तत्त्वावर चालते: जुन्या साड्यांचे थर, मध्ये हवा, वरून टाके. हजारो रुपयांच्या ब्लँकेटआधी माळ्यावरची गोधडी उन्हात टाका.

उल्हासनगरला काटकसर शिकवावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, बराकींत संसार थाटले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला या गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी इथे बाजारपेठ उभी केली. आंटींच्या घरी आजही आधी पापड आणि पाणी पुढे येतं. खर्च थोडा, पण पाहुणा उपाशी जात नाही. काटकसर म्हणजे हेच. माणसाचा जीव टांगणीला लावून वाचवलेले पैसे म्हणजे काटकसर नव्हे.

खाणं, पाणी आणि मन

हंगाम आपल्या बाजूने आहे. मटार, गाजर, पावटा, पालक याच दिवसांत स्वस्त. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी हे जेवण कुठल्याही पाकिटातल्या 'विंटर सुपरफूड'पेक्षा स्वस्त आणि भरभक्कम. आवळा, पेरू घ्या. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाण्याची बाटली समोर ठेवा.

घरातल्या मोठ्यांकडे लक्ष द्या. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. बाबांची बीपीची गोळी चुकत नाही ना, एवढं रोज विचारा. "स्वेटर कशाला, मला नाही वाजत थंडी," असं म्हणतील. तरी द्या.

आणि तुम्ही स्वतः? अंधारात घर सोडायचं, अंधारात परत यायचं, भाड्याच्या खोलीत एकटं जेवायचं, यानेही माणूस आतून गार पडतो. रविवारी अर्धा तास गच्चीवर उन्हात बसा, एखाद्या मित्राला बोलवा, शेंगदाणे-गूळ पुरतो. मन फारच जड झालं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

माझ्या शीटमध्ये आता एक नवा रकाना आहे: 'चुकलं तर काय जाईल?' उत्तर 'पैसे' असेल तर बिनधास्त काटकसर करा. उत्तर 'माणूस' असेल तर ती ओळ खोडून टाका.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. बाथरूमची खिडकी बघा. पुठ्ठा असेल तर काढा. आणि ज्या मित्राच्या घरी गॅस गिझर आहे, त्याला हा भाग पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!