दुर्बिणीचा नेम

रायफलीला दुर्बीण लावली की नेम आपोआप लागतो, असा माझाही समज होता. क्लबातल्या .२२ रायफलीची गोळी शनिवारी मध्यावर बसे, तर रविवारी पाच सेंटीमीटर डावीकडे! "श्वास चुकतोय तुझा," प्रशिक्षक म्हणत. पंधरा दिवस मी श्वासच सुधारत बसलो. निवड चाचणी तोंडावर आली आणि माझा धीर सुटला.

शेवटी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पाच गोळ्या झाडल्या. पाचही छिद्रे एकमेकांना खेटून, पण मध्यापासून दूर. श्वास चुकला असता तर ती विखुरली नसती का? मग दुर्बिणीच्या नळीवर कडीलगत पेन्सिलीची रेघ ओढली. वीस गोळ्यांनंतर रेघ केसभर सरकलेली! हिशेब केला: ५० मीटरवर ५ सेंटीमीटर म्हणजे हजारात एक. दोन कड्यांत १० सेंटीमीटर अंतर, म्हणजे एक टोक ०.१ मिलिमीटर, कागदाच्या जाडीइतके, हलले तरी पुरे.

कड्यांच्या आतले तेल पुसले, स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळले. (फार आवळले तर नळीच चेपते.) नेम पुन्हा जुळवला.

पुढच्या रविवारी पहिलीच गोळी मध्यावर. प्रशिक्षकांनी माझ्या श्वासाचे कौतुक केले. मी गप्प राहिलो.