वृद्ध ग्राहक आणि स्मार्टफोनचे दुकान

तांदूळ विकत घेणारा मनुष्य मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, वांगे बोटांनी दाबून पाहतो आणि गुळाचा खडा जिभेवर ठेवून मगच भाव करतो. ह्या साध्या कृतींमागे अनेक पिढ्यांचे शहाणपण साठलेले असते. परंतु ज्या वस्तूचे गुणदोष डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटांना जाणवत नाहीत, अशी वस्तू घेताना हे शहाणपण निरुपयोगी ठरते. स्मार्टफोन ही अशीच एक वस्तू आहे. मोहरबंद खोक्याच्या आत काय आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. ज्ञानाची ही विषमता प्रत्येक ग्राहकाच्या वाट्याला येते. पण वयाची साठी किंवा सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकाच्या बाबतीत ती सर्वाधिक तीव्र होते.

वृद्धांनी असा फोन घ्यावाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, तो आता त्यांच्या हौशीचा विषय राहिलेला नाही. निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू झाली आणि २०२१ सालापासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून घरबसल्या हा दाखला देण्याची सोय झाली. बँकेचे व्यवहार, रुग्णालयातील नावनोंदणी, रेल्वेचे तिकीट आणि दूरदेशी असलेल्या मुलानातवंडांचे दर्शन ह्या साऱ्यांचा मार्ग ह्याच लहानशा काचेतून जातो. ज्याला एखादी वस्तू घेण्यावाचून गत्यंतर नाही, त्याला दुकानातून उठून जाणे अवघड असते, आणि विक्रेता हे जाणून असतो.

दिल्ली आणि तिच्या सभोवतालचा राजधानी प्रदेश ही अशा खरेदीविक्रीची फार मोठी पेठ आहे. करोल बागेतील गफ्फार मार्केट, नेहरू प्लेस, कॅनॉट प्लेसच्या भूमिगत पालिका बाजारातील गाळे, नोएडाच्या सेक्टर १८ मधील झगमगती दालने आणि वसाहतीवसाहतींतील छोटी दुकाने, असे तिचे विविध थर आहेत. ह्यांपैकी बहुसंख्य विक्रेते प्रामाणिकपणे धंदा करतात. तथापि, फसव्या विक्रीच्या काही ठरावीक युक्त्या आहेत आणि त्या ओळखण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेणे सोयीचे होईल.

एका दुपारची खरेदी

पूर्व दिल्लीत राहणारे एक निवृत्त सरकारी कर्मचारी वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून दहा हजार रुपयांचा फोन घेण्यासाठी दुकानात जातात, अशी कल्पना करावी. दुकानात पाऊल टाकताच एक तरुण अदबीने पुढे येतो, त्यांना बसायला खुर्ची देतो, पाणी विचारतो. हा तरुण दुकानाचाच नोकर असतो असे नाही. पुष्कळदा तो एखाद्या कंपनीने नेमलेला प्रचारक असतो आणि त्या कंपनीचे किती फोन खपले ह्यावर त्याची कमाई अवलंबून असते. त्याचा सल्ला निरपेक्ष असणे म्हणूनच कठीण असते.

“अंकलजी, वो मॉडल तो खतम हो गया,” असे तो सांगतो आणि अठरा हजारांचा फोन समोर ठेवतो. स्वस्त वस्तूचे आमिष दाखवून ग्राहकाला आत आणावयाचे व महाग वस्तू गळ्यात मारावयाची, ही पहिली युक्ती होय.

दुसरी युक्ती भीतीची. जुन्या पद्धतीचे, म्हणजे ४जी, फोन लवकरच बंद पडणार असे सांगितले जाते. वास्तविक भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, तरी ४जी सेवा चालूच आहे. इतकेच नव्हे, तर भारत संचार निगमाच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटनच २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. जी यंत्रणा देश आता कोठे उभारत आहे, ती उद्या बंद होणार हे म्हणणे तर्काला धरून नाही.

तिसरी युक्ती आकड्यांची आहे. ‘सोळा जीबी रॅम’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. पण त्यांतील खरी स्मृती आठच असते, उरलेली आठ साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली असते आणि ती खऱ्या स्मृतीच्या मानाने बरीच मंद चालते. मागील बाजूस तीन कॅमेरे दिसतात. पण त्यांपैकी एखाददुसरा केवळ शोभेपुरता असू शकतो. ज्या गोष्टींचा वृद्धाला खरा उपयोग, म्हणजे आवाजाची स्पष्टता, अक्षरे मोठी करण्याची सोय, बॅटरी किती टिकते, जवळपास दुरुस्ती केंद्र आहे काय आणि कंपनी सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे पुरविणार, त्यांविषयी अवाक्षर निघत नाही.

चौथी युक्ती बिलाच्या वेळी अवतरते. काचेवरील संरक्षक पापुद्रा, मागचे कव्हर, वाढीव वॉरंटी, पडझडीचा विमा आणि जुन्या फोनमधील छायाचित्रे नव्यात घालून देण्याचे शुल्क, हे सारे ‘घ्यावेच लागते’ असे सांगितले जाते. फोनबरोबर ह्यांतील काहीही घेणे बंधनकारक नाही.

बिनव्याजी हप्त्यांचे गणित

खिशात अठरा हजार नाहीत असे दिसताच हप्त्यांची योजना पुढे येते. आधारपत्राची प्रत घेतली जाते, फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारला जातो आणि काही मिनिटांत कर्ज मंजूर होते. आपण कर्जदार झालो आहोत व दरमहा बँकेच्या खात्यातून रक्कम आपोआप वळती होणार आहे, हे कित्येकदा ग्राहकाला उमगतही नाही. त्याच्या लेखी तो फक्त ‘बिनव्याजी हप्त्यावर’ फोन घेत असतो.

ह्या शब्दाची पारख आकडेमोडीने करता येते. उदाहरणादाखल फोनची किंमत १८,००० रुपये धरावी. रोख घेणाऱ्यास १,२०० रुपयांची सूट आहे. म्हणजे खरी किंमत १६,८०० रुपये. हप्त्याने घेणाऱ्यास सूट नाही. त्याने दरमहा ३,००० प्रमाणे सहा हप्ते भरावयाचे. शिवाय प्रारंभी ५०० रुपये प्रक्रियाशुल्क आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ५९० रुपये. एकूण खर्च १८,५९० रुपये. रोख खरेदीपेक्षा तो १,७९० रुपयांनी अधिक झाला. ही रक्कम लहान वाटते; परंतु मुद्दल दरमहा घटत जाते हे लक्षात घेऊन हिशेब केला, तर ह्या ‘बिनव्याजी’ कर्जाचा दर वर्षाला सुमारे ३७ टक्के पडतो.

ही गोष्ट नियामकांच्या दृष्टीतून सुटलेली नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात क्रेडिट कार्डावरील अशा योजनांसंबंधी स्पष्ट म्हटले की, शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसते. व्याज प्रक्रियाशुल्काच्या रूपाने झाकले जाते. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांनी कर्जदाराला मुख्य माहितीचे एक पत्रक देणे आवश्यक झाले. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर दिलेला असावा लागतो आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. दिल्लीत राहणाऱ्या मराठी वृद्धालाही हे पत्रक मागता येते, आणि ते वाचल्यावाचून सांकेतिक क्रमांक न सांगणे हे त्याच्या हाती असते.

नवे आणि नव्यासारखे

आणखी एक प्रकार म्हणजे वापरून परत आलेला अथवा दुरुस्त केलेला फोन नवा म्हणून विकणे. प्रत्येक फोनला पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो. तो खोक्यावर व बिलावर छापलेला असतो आणि फोनवर *#०६# ही चिन्हे दाबली असता पडद्यावर दिसतो. तिन्ही ठिकाणचे अंक जुळले पाहिजेत. दूरसंचार विभागाने १६ मे २०२३ रोजी सुरू केलेल्या ‘संचार साथी’ ह्या संकेतस्थळावर हा क्रमांक वैध आहे काय, हे कोणालाही पाहता येते. त्यावरून फोन चोरीचा वा बनावट ओळखीचा आहे काय ह्याचा अंदाज येतो. तो कोरा आहे की नाही हे मात्र मोहर आपल्यासमक्ष फोडून आणि वॉरंटीचा प्रारंभदिन तपासूनच कळते.

फसवणूक केवळ लहान दुकानातच होते असे नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या ‘रिंगिंग बेल्स’ ह्या कंपनीने ‘फ्रीडम २५१’ नावाचा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांत देण्याची घोषणा केली. मोठमोठ्या जाहिराती झळकल्या, दिल्लीत समारंभ झाला आणि नोंदणीसाठी इतकी झुंबड उडाली की कंपनीचे संकेतस्थळ बंद पडले. समारंभात दाखविलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच एका कंपनीचे नाव झाकलेले आढळले. अशा फोनच्या सुट्या भागांचाच खर्च ह्या किमतीच्या कितीतरी पट असतो, असे फोन उत्पादकांच्या संघटनेने दाखवून दिले होते. टीका होऊ लागल्यावर कंपनीने घेतलेले पैसे परत करण्याचे जाहीर केले. पुढे गाझियाबादच्या एका वितरकाच्या तक्रारीवरून फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीच्या संचालकाला अटक झाली. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे; तथापि ज्या किमतीत वस्तू तयारच होऊ शकत नाही, त्या किमतीत ती मिळणार नाही, हा धडा त्यातून सर्वांनाच मिळाला.

मौनाची किंमत

काल्पनिक उदाहरणातील गृहस्थांकडे परत वळू. संध्याकाळी मुलगा बिल पाहतो आणि म्हणतो, “बाबा, मला विचारायचं तरी!” त्या वाक्यात रागापेक्षा कळकळच अधिक असते, पण ते मनाला लागते. ज्यांनी आयुष्यभर कार्यालयाच्या फायली सांभाळल्या, घराचा पै-पैचा हिशेब ठेवला, त्यांना आपण आता व्यवहाराला अपात्र झालो असे वाटू लागते. पुढच्या वेळी ते एकटे दुकानात जात नाहीत. हळूहळू बँकेचा व्यवहारही मुलाच्या हाती देतात. गेलेले दोन-अडीच हजार रुपये भरून येतील. गेलेला आत्मविश्वास सहसा भरून येत नाही. आणि लाजेपोटी तक्रार होत नाही म्हणूनच तीच युक्ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वृद्धावर चालते.

वस्तुतः लाज वाटण्याचे कारण नाही. कायदा अशा प्रसंगी ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. बिंदुमाधव जोशी ह्यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले, तेव्हा असा कायदा देशात नव्हता. तो १९८६ साली आला आणि त्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. जुनी अथवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे, देण्याचा हेतू नसलेल्या सवलतीची जाहिरात करणे आणि बिल न देणे ह्या गोष्टी त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. एक वस्तू हवी असेल तर दुसरीही घ्यावीच लागेल अशी अट घालणे ही निर्बंधात्मक प्रथा होय. म्हणजे काल्पनिक उदाहरणात जे ‘घ्यावेच लागते’ म्हणून सांगितले गेले, ते सांगणेच बेकायदेशीर होते. संकेतस्थळांवरील खरेदीत खोटी घाई उत्पन्न करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे अशा तेरा छुप्या क्लृप्त्यांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.

राजधानी प्रदेशातील रहिवाशांच्या दृष्टीने ह्या कायद्यातील एक बदल विशेष महत्त्वाचा आहे. हा प्रदेश दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान ह्यांत विभागलेला आहे. राहावयाचे नोएडात आणि खरेदी करावयाची करोल बागेत, असे येथे नित्य घडते. पूर्वी तक्रार सामान्यतः विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा व्यवहार घडला तेथे करावी लागे. आता ती ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांकावर तक्रार नोंदविता येते, आणि अनेक तंटे तेथेच मिटतात.

ह्या सर्वांसाठी एकच कागद आवश्यक असतो, आणि तो म्हणजे पक्के बिल. त्यावर ओळखक्रमांक असावा आणि प्रत्येक जादा वस्तूची किंमत स्वतंत्र लिहिलेली असावी. घरून निघतानाच आपल्याला फोन कशासाठी हवा आणि किती खर्च करावयाचा, हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. विक्रेत्याने घाई केली, तर ‘उद्या येतो’ असे म्हणून बाहेर पडावे. खरी सवलत बहुधा उद्याही असते. जी आजच संपते, तिच्याविषयी शंका घेणे योग्य.

घरातील तरुणांचेही ह्यात एक कर्तव्य आहे. वृद्धांच्या ऐवजी खरेदी करण्यापेक्षा त्यांच्याबरोबर दुकानात जावे, शेजारी बसावे आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत. तांदळाचा दाणा पारखण्याची कला ज्यांनी मुलांना शिकविली, त्यांना ह्या नव्या धान्याची पारख शिकविणे ही त्या मुलांची पाळी आहे.