द्रवस्फटिक : टिकाऊपणा आणि चपळता

अनेक घड्याळांत व दूरचित्रवाणीच्या पडद्यांत दोन कांचांमध्यें जो पातळ थर असतो, तो धड द्रव नव्हे आणि धड स्फटिकही नव्हे. १८८८ सालीं प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिश राइनिट्झर यांना असें आढळलें कीं, कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ १४५.५ अंश सेंटिग्रेडला वितळून गढूळ होतो आणि १७८.५ अंशांना निर्मळ होतो. मधल्या अवस्थेंतील रेणू द्रवाप्रमाणें वाहतात, परंतु आपला कल एका दिशेकडे राखतात. विद्युद्दाब दिला म्हणजे हा कल बदलतो. त्याच्या योगानें प्रकाश अडविला अथवा सोडला जातो.

पडद्यासाठीं मात्र ही अवस्था नेहमींच्या हवेंत टिकली पाहिजे. १९६९ सालीं जर्मनींत तयार झालेल्या एम्. बी. बी. ए. या पदार्थांत ती टिकत असे. पण त्याच्या रेणूंतील दोन बेंझीन कड्यांना जोडणारा कर्ब-नत्राचा दुवा पाण्याच्या अंशानेंही तुटे, आणि पदार्थ बिघडे. हल विद्यापीठांतील जॉर्ज ग्रे व त्यांचे सहकारी यांनीं दुवा बळकट करण्याऐवजीं तो काढूनच टाकला. १९७२ मध्यें त्यांनीं दोन्ही कडीं सरळ एकमेकांस जोडलीं. या नव्या पदार्थांवर ओलाव्याचा परिणाम होईना.

तथापि त्यांतील एक प्रमुख पदार्थ सुमारें २४ ते ३५ अंशांपर्यंतच उपयोगी पडे. बर्फांत मीठ मिसळलें म्हणजे तें शून्याखालींही वितळतें. तोच न्याय येथें लावण्यांत आला. माल्व्हर्न येथील सरकारी प्रयोगशाळेंतील पीटर रेन्स यांनीं मिश्रणाचें प्रमाण गणितानें ठरविलें. 'ई ७' हें चार पदार्थांचें मिश्रण शून्याखालीं सुमारें १० अंशांपासून ६० अंशांपर्यंत काम देतें.

राहिला प्रश्न वेगाचा. विद्युद्दाब काढल्यावर रेणूंना पूर्वस्थितीस येण्यास लागणारा काळ द्रवाच्या दाटपणावर आणि थराच्या जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो. जाडी निम्मी केली, तर काळ चौथाई होतो. परंतु लांब रेणू उष्णतेंत टिकाव वाढवितात, तसाच दाटपणाही वाढवितात. थंडींत तर दाटपणा आणखीच वाढून आंकडे रेंगाळतात. सेकंदास साठ चित्रें दाखविणाऱ्या पडद्यावर असा रेंगाळ झाला, तर धांवता चेंडू शेंपटासह दिसेल. म्हणून चलच्चित्रांच्या पडद्यांसाठीं फ्लुओरीनयुक्त रेणू पुढें आले. ते तुलनेनें पातळ असून विद्युद्भारही चांगला टिकवून धरतात.

तात्पर्य, टिकाऊपणा व चपळता हे दोन गुण एकाच पदार्थांत क्वचितच पुरेसे सांपडतात. ते अनेकांच्या योग्य मिश्रणांतून साधावे लागतात.