परिचारिका-शिक्षणात मोबाईल

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ९ व्या अध्यायात, उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच. पहिला गुण पाठांतराने काही अंशी साधतो; दाक्ष्य मात्र प्रसंगातूनच घडते. म्हणून मोबाईलवर तयार चित्रफिती दाखवून थांबणे आम्हांस अपुरे वाटते. घृतपानानंतर उष्णोदकच का घ्यावे, हे विद्यार्थिनीने रुग्णाच्या अहिराणी वा वऱ्हाडी बोलीत एका मिनिटात ध्वनिमुद्रित करावे. वैद्यांनी ते तपासल्यावरच रुग्णास ऐकवावे. अनुपान चुकीचे सांगितले गेल्यास दोष आपलाच. आजीबाईंना उमगले नाही, तर विद्यार्थिनीने नवा दृष्टान्त शोधावा. (घोकलेली व्याख्या येथे निरुपयोगी!) औषधालयचालकांनाही अशी मुद्रणे ग्राहकांस ऐकविता येतील, मात्र त्यांत रुग्णाचे नाव नसावे.