फॉर्मवर ‘मराठी’ लिहायला घाबरू नका

श्रूजबरी (मॅसॅच्युसेट्स) : जुलै-ऑगस्ट उजाडला की आमच्या श्रूजबरीत भारतातून नवी कुटुंबं यायला लागतात. क्विन्सिगॅमंड तळ्याच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे वूस्टर (स्पेलिंग बघून ‘वॉर्सेस्टर’ म्हणू नका, लोक हसतात!). आई-बाबांपैकी एक जण आयटीत, सोबत पहिली-दुसरीतलं पोर. घर, गाडी, किराणा हे सगळं मार्गी लागतं आणि मग शाळेचे फॉर्म हातात पडतात. त्यात एक प्रश्न असतो : मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं? घरात कोणती भाषा बोलता?

इथेच बऱ्याच जणांचा पेन अडतो. ‘मराठी’ लिहिलं तर मुलाला ‘कच्चं’ समजतील, वेगळ्या वर्गात बसवतील, अशी भीती वाटते. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘इंग्लिश लिहून टाका हो, पुण्यात इंग्लिश मीडियमलाच होता ना!’ आणि त्याच दिवसापासून घरातही ‘कम हिअर, सिट, ईट फास्ट’ सुरू होतं.

हा सल्ला मुलाच्या तोट्याचा आहे. फॉर्मवर दुसरी भाषा लिहिली की शाळा मुलाचं इंग्रजी तपासते. गरज दिसली तरच त्याला इंग्रजीची खास मदत मिळते आणि तिचे पैसे पडत नाहीत. पुढे दरवर्षी हिवाळ्यात ‘ॲक्सेस’ नावाची चाचणी होते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे तिचे चार भाग असतात. पुरेसं इंग्रजी आलं की ती मदत थांबते. हा मुलांचा हक्क आहे आणि तो लढून मिळालेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांच्या दाव्यात 1974 साली इथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की ज्या मुलाला भाषाच कळत नाही त्याला नुसतं वर्गात बसवणं म्हणजे समान शिक्षण नव्हे. आमच्या राज्याने तर त्याआधीच, 1971 मध्ये, द्विभाषिक शिक्षणाचा कायदा केला होता. मधे 2002 च्या मतदानाने वारं फिरलं आणि शिकवणं जवळपास फक्त इंग्रजीतून सुरू झालं. 2017 च्या कायद्याने शाळांना पुन्हा मोकळीक दिली.

आता घरच्या सरावाकडे वळू. मराठी बोलणारं मूल इंग्रजी व्याकरणात नेमकं कुठे अडखळतं, हे शाळेतल्या बाईंना ठाऊक असेलच असं नाही. आपल्याला ते सहज कळतं, कारण आपणही तिथेच अडखळलेलो असतो.

पहिली अडचण ‘अ’ आणि ‘द’ची. मराठीत हे शब्द नाहीत, म्हणून मूल ‘आय सॉ डॉग’ म्हणतं. नियम पाठ करून घेण्यापेक्षा भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगा. ‘एक म्हातारी होती’ इथे ‘अ’. पुढे ‘ती म्हातारी लेकीकडे निघाली’ इथे ‘द’. पहिल्यांदा भेटते ती ‘एक’, ओळख झाली की ‘ती’. सगळे नियम यात बसत नाहीत, पण सहा वर्षांच्या मुलाला सुरुवातीला एवढं पुरतं.

दुसरी अडचण प्रश्नाची. आपला ‘का’ वाक्याच्या शेवटी येतो : ‘तुला आंबा आवडतो का?’ इंग्रजीत तोच ‘का’ उचलून पुढे ठेवायचा, की झाला ‘डू’. आणि ‘ही लाइक्स’ मधला ‘एस’ एकच असतो. प्रश्नात तो ‘डझ’कडे गेला की ‘लाइक’ मोकळा : ‘डझ ही लाइक?’ मुलांना हा ‘एस’ची पळापळी असा खेळ म्हणून सांगितला की गंमत वाटते.

तिसरी गोष्ट ‘वर, खाली, मध्ये’ची. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, शब्द आधी आणि ‘वर’ मागून चिकटलेला. इंग्रजीत ‘ऑन’ आधी. घरात चेंडू लपवा आणि विचारा, कुठे आहे? ‘अंडर द बेड, बिहाइंड द डोअर.’ रोज दहा मिनिटं हा खेळ खेळलात तर कोरी वर्कशीट भरत बसण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

उच्चारांत आपला ‘व’ गोंधळ घालतो. अंगात घालायचा ‘वेस्ट’ आणि पश्चिम दिशा ‘वेस्ट’ आपल्याकडे सारखेच. आरशासमोर उभं करा : एकात वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्यात ओठांचा चंबू.

शब्दांचं थोडं वेगळं. आपली मुलं शब्द घेऊन येतात, पण ते ब्रिटिश वळणाचे. इथे रबर म्हणजे ‘इरेझर’, फुलस्टॉप म्हणजे ‘पिरियड’, झेड म्हणजे ‘झी’, डस्टबिन म्हणजे ‘ट्रॅश कॅन’. आणि शाळेतल्या पाण्याच्या नळाला आमच्या भागात ‘बबलर’ म्हणतात, हे तर अमेरिकेतल्या बाकीच्या बऱ्याच लोकांनाही कळत नाही! पहिल्या आठवड्यासाठी मात्र चार वाक्यं पक्की हवीत : बाथरूमला जाऊ का, मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘कॅन आय प्ले विथ यू?’ मधल्या सुट्टीत एकट्या उभ्या राहणाऱ्या मुलाला व्याकरणापेक्षा याची गरज असते.

वाचायला काय द्यावं? डॉक्टर स्यूस. हे लेखक आमच्याच राज्यातले, स्प्रिंगफिल्डचे. त्यांचं ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ (1960) अख्खं पुस्तक फक्त 50 वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं आहे. तेच शब्द फिरून फिरून येतात, यमक जुळतं आणि वाक्यरचना आपोआप तोंडात बसते. गावच्या वाचनालयातून फुकट आणता येतं.

नवीन मूल शाळेत काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहू शकतं. तेव्हा ते ऐकत, साठवत असतं. त्या काळात घरातली मराठीही काढून घेतली, तर दिवसभरात मनातलं बोलायला त्याला जागाच उरत नाही. ‘बाई मला रागावल्या’ हे तोडक्या इंग्रजीत कसं सांगणार ते? शिवाय ज्याला पाण्याची वाफ होणं मराठीत कळलंय, त्याला ‘इव्हॅपोरेशन’ हे फक्त नवं नाव शिकायचं असतं, कल्पना नव्हे. आणि ‘आला, आली, आलं’ न चुकता वापरणारं मूल व्याकरणात कच्चं कसं असेल? इंग्रजीत या तिन्हींना एकटं ‘केम’ पुरतं!

आजी-आजोबांनो, तुमचंही काम आहे. व्हिडिओ कॉलवर ‘इंग्लिशमध्ये बोलून दाखव बरं’ असं म्हणू नका. शाळेत काय झालं ते मराठीत विचारा. रोज दोन नवे इंग्रजी शब्द नातवाने तुम्हाला शिकवायचे, असा नेम ठेवा. शिकवताना त्याचेच पक्के होतात, आणि आज कुणालातरी आपल्यापेक्षा कमी येतं, याचा आनंद वेगळाच.

2017 च्या त्याच कायद्याने आणखी एक सोय केली आहे. बारावी पूर्ण करताना इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेतही प्रावीण्य दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याची ‘सील ऑफ बायलिटरसी’ मिळू शकते. म्हणजे ज्या सरकारच्या भीतीने आपण घरची भाषा फॉर्मवर लपवतो, तेच सरकार दोन भाषा येणाऱ्यांचा गौरव करतं. तेव्हा या ऑगस्टमध्ये फॉर्म आला की त्या रकान्यात ठसठशीत अक्षरात ‘मराठी’ लिहा. इंग्रजी इथल्या हवेतच आहे, ती येईल. मराठी मात्र आपण दिली तरच मिळणार.