ठिणगी पडू नये म्हणून

थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे टुणकन उडी मारून कंगव्याला चिकटतात. अंबर घासला की तो गवताची काडी ओढतो, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उर्दूत तुम्ही अंबराला ‘कहरुबा’ म्हणता. या फारसी शब्दाचा अर्थच ‘गवत पळवणारा’ असा आहे! घर्षणाने निर्माण होऊन जागच्या जागी साठणाऱ्या या विजेला स्थिर वीज म्हणतात.

कंगव्यावर ती गंमत वाटते. वर्कशॉपमध्ये मात्र ती घातक ठरू शकते. लोखंडी वस्तूला रंग देण्यापूर्वी गंज काढावा लागतो. त्यासाठी दाबाच्या हवेने तिच्यावर खरखरीत कणांचा मारा करतात. यालाच सँडब्लास्टिंग म्हणतात. पूर्वी यासाठी सर्रास वाळू वापरत. तिच्या धुळीने फुप्फुसांना सिलिकोसिस हा रोग होतो, म्हणून पोलादाचे कण बरे.

हे कण रबरी नळीला घासत वेगाने जातात आणि नळीवर, तोटीवर वीज साठते. कामगाराच्या पायांत रबरी बूट असतात, त्यामुळे त्याच्या अंगातली वीजही जमिनीत उतरत नाही. मग धातूला हात लागताच चटका बसतो. हा झटका क्षणभराचाच असतो. पण दचकून नळी हातातून सुटली, तर ती सापासारखी वळवळत आपटते. जवळपास थिनरची वाफ किंवा ॲल्युमिनियमची बारीक धूळ असेल, तर एक ठिणगीही भडका उडवू शकते.

दमट हवेत वीज फारशी साठत नाही. पण येथे हवा मुद्दाम कोरडी करावी लागते, नाहीतर कणांचे गोळे होऊन नळी तुंबते. म्हणून विजेला जमिनीकडे वाट करून देणे हाच खरा उपाय. काजळी मिसळलेल्या रबराच्या नळीतून वीज वाहू शकते, म्हणून तशी नळी घेतात. तोटी, यंत्राची पेटी आणि साफ करायची वस्तू तारेने अर्थिंगला जोडतात. तारेचा चिमटा रंगाच्या थरावर लावला, तर तो न लावल्यासारखाच. आधी तेवढी जागा खरवडावी लागते.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा घालतात. परभणी जिल्ह्यातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हे तुम्ही पाहिलेच असेल. स्थिर विजेला कोरड्या मातीतली वाटही बहुधा पुरते. पण अनेकदा मोटारीची अर्थिंगही त्याच खड्ड्यात असते आणि तिला ओल लागते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओततात.